सातवी ग्रंथी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. डावा डोळा थोडा अधू, पण काम चालतं. इस्पितळाच्या तपासणीखोलीत खिडकीकडे पाठ करून बसतो. शरीरातून काढलेले तुकडे पातळ कापून, जांभळे-गुलाबी रंगवून, काचपट्टीवर माझ्यापुढे येतात. त्यात कर्करोग आहे की नाही, ते माझ्यातून बघणाऱ्या डॉक्टर मॅडम ठरवतात. मी फक्त दाखवतो.

नवा होतो तेव्हा मला बघायला वरच्या मजल्यावरचे डॉक्टर जिना उतरून यायचे. मग कोपऱ्यात पडद्यावर दाखवणारं यंत्र आलं आणि माझं कौतुक सरलं. उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात. एक माणूस मात्र मला विसरला नाही, दुरुस्तीकाका. दर सहा महिन्यांनी ते पेटी घेऊन येत, भिंगावरचं तेल टिपत, बुरशी काढत. कुणी सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसलेलं दिसलं की त्याची खैर नसे. जाताना माझ्या पायाशी पुढच्या फेरीची तारीख पेनानं लिहून चिकटवत. बावीस वर्षं हे चाललं.

मागच्या खेपेला काका आले नाहीत. त्यांचं फुप्फुस आलं.

मला वाईट वाटायला हवं होतं, मित्रांनो. काहीच वाटलं नाही. काचपट्टी ठेवली गेली, मी नेहमीसारखं दाखवलं.

फुप्फुसातली गाठ कर्करोगाची होती, ते आधीच ठाऊक होतं. प्रश्न होता लसग्रंथींचा. श्वासनळीच्या फाट्याशी, फुप्फुसाच्या मुळाशी मसुराएवढ्या, हरभऱ्याएवढ्या ग्रंथी असतात. रोग पसरू लागला की पहिला मुक्काम बहुधा तिथेच टाकतो. त्या स्वच्छ असल्या तर बरेचदा शस्त्रक्रियेवर भागतं. नसल्या तर पुढची कडक औषधं, आणि पुढच्या वर्षांची आशाही कमी.

आमच्या तंत्रज्ञाच्या खिशात कायम चिमटा, म्हणून त्यांना सगळे चिमटेमामा म्हणतात. त्यांना चार ग्रंथी सापडल्या. चारही स्वच्छ. काकांशी त्यांची जुनी दोस्ती. अहवालावर सही व्हायच्या आतच त्यांनी काकूंना फोन करून सांगून टाकलं.

मॅडमनी काचपट्ट्या मोजल्या. चारच कशा, म्हणाल्या, आणि औषधी पाण्यात ठेवलेलं उरलेलं फुप्फुस मागवलं. आता कशाला उकरायचं, असं चिमटेमामा पुटपुटले. मॅडम सकाळभर हातमोजे घालून चरबी बोटांनी चाचपत राहिल्या. आणखी तीन मिळाल्या. पाचवी स्वच्छ, सहावी स्वच्छ. सातवीला त्यांनी माझा स्क्रू तीनदा पुढे-मागे फिरवला. नीटच दिसत होतं.

चिमटेमामांना दुसरा फोन करवेना. बारा दिवसांनी काकाच आले, मुलीचा हात धरून. मॅडमनी त्यांना बसवून सगळं सांगितलं.

काका म्हणाले, "चार बघून थांबला असतात, तर मी सुटलो होतो."

"कागदावर सुटला असता, काका," मॅडम म्हणाल्या. "औषधं वेळेवर सुरू झाली नसती."

चिमटेमामा बेसिनचा नळ उगाच उघडबंद करत होते. काकांनी सातवी काचपट्टी मागितली. स्टुलावर बसले, सवयीनं आधी भिंगाकडे तिरपं बघितलं, मग डोळे लावले. बावीस वर्षांत त्यांनी माझ्यातून बघितलं ते भिंग तपासायला, कुणाचा आजार बघायला कधीच नाही.

"भिंग स्वच्छ आहे," ते म्हणाले. "शंकेला जागा नाही."

मग पुढच्या फेरीची तारीख लिहायला त्यांनी या वेळी पेन्सिल मागितली.

ती तारीख आता तीन आठवड्यांवर आली आहे. औषधांचे चार फेरे झाले, एवढंच इथे कानावर येतं. तोवर तुम्हाला एक विनंती, मित्रांनो. मनासारखं उत्तर मिळालं म्हणून शोधणं थांबवू नका. आणि माझं भिंग सदऱ्यानं पुसू नका. ओरडायला सध्या इथे कुणी नाही.