व्हिटॅमिनची बाटली

चौकीवरच्या अधिकारी बाईंनी सुनेच्या सॅकच्या तळातून व्हिटॅमिनची बाटली काढली आणि गोळ्या टेबलावरच्या ताटलीत ओतल्या. शेजारी सासरे बुटांचा चिखल झटकत होते.

खरं तर या डोंगरवाटेवर तिच्याबरोबर नवरा यायचा होता. ऐन वेळी त्याची रजा रद्द झाली आणि साठी उलटलेल्या सासऱ्यांनी ‘मी आहे की’ म्हणत सॅक पाठीला लावली. आता सरहद्दीची ही खिंड ओलांडली, की पलीकडच्या देशातलं पहिलं गाव परवाशिवाय लागणार नव्हतं.

आत आल्या आल्या बाईंनी विचारलं होतं, कुणाकडे औषधं आहेत का. दोघांनीही तत्परतेने नकारार्थी माना हलवल्या होत्या.

“मग या कसल्या?”

“व्हिटॅमिनच्या,” सून म्हणाली. लग्न झाल्यापासून ती हेच सांगत आली होती. तिचा झटक्यांचा आजार नवऱ्याला ठाऊक होता. पण सासरी कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं आईनं बजावलं होतं. पाकिटातून गोळ्या काढून या बाटलीत भरायची तिला सवयच जडली होती.

“परदेशी गोळ्या अशा सुट्या नेता येत नाहीत. व्हिटॅमिनच असतील तर राहू द्या इथेच. खाली कुठल्याही दुकानात मिळतील.” बाईंनी ताटली कचऱ्याच्या डब्याकडे नेली.

आज संध्याकाळची गोळी चुकली तर उद्या पुढच्या अरुंद डोंगरधारेवर काय होऊ शकतं, हे तिला पक्कं माहीत होतं. सासऱ्यांसमोर तोंड उघडलं तर घरात काय होईल, तेही.

“थांबा. औषध आहे ते. मला फिट्स येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आहे फोनमध्ये.”

बाईंनी फोटो पाहिला, गोळ्यांवरचे आकडे ताडून पाहिले. हे आधीच सांगायला काय झालं होतं, असं सुनावून त्यांनी गोळ्या परत केल्या. स्वतःपुरतं औषध न्यायला मनाई नव्हतीच. सुनेला मात्र सासऱ्यांकडे बघवेना.

सासरे खाकरले. शर्टाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

“हेपण बघून घ्या. माझं आहे. छातीचं.”

बाईंनी कपाळाला हात लावला.

चौकीतून बाहेर पडले तेव्हा वारा सुटला होता. इतके दिवस दोघंही एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त चालत होते.

“तुला झटका आला तर मी काय करायचं?” सासऱ्यांनी विचारलं.

“कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही.” ती थांबली. “आणि बाबा, तुमचं?”

“खाली बसवायचं. एक गोळी जिभेखाली.” त्यांनी खिसा कुठे आहे ते तिला दाखवलं आणि त्याचं बटण उघडंच ठेवलं.