तातडीची रांग

ठाण्याच्या ऑफिसात चौऱ्याण्णव साली कॉम्प्युटर आला आणि सलाइन बनवणाऱ्या त्या कंपनीतले निरोप रांगेत उभे राहायला लागले. रांगा दोन, एक तातडीची आणि एक साधी. पाच तातडीचे निरोप पुढे गेले की मशीन एक साधा निरोप घ्यायचं. न्याय अगदी चोख, पण माणसं कसली ऐकतात! आपलं काम साधं आहे असं लिहायला कुणाचा हात धजेना. कॅन्टीनमधली साखर संपली तरी तातडीचं. साधी रांग बिचारी ओस पडली.

त्या दुपारी कंपनीच्या डोंबिवलीच्या लॅबमधून नीलाचा फोन आला, तेव्हा ऑपरेटर लुसी मशीनपाशी एकटीच होती.

"लुसी, माझा सकाळचा निरोप कोलशेतच्या गोदामात पोचला ना? अगं, तिथल्या सलाइनच्या नमुन्यात बुरशी सापडलीय! तीनच्या गाडीने बाटल्या कल्याणच्या हॉस्पिटलला चालल्यात."

लुसीने पडद्यावर पाहिलं. लाइन सकाळपासून रडतखडत चालली होती. नीलाचा निरोप तातडीच्या रांगेत अडकला होता. त्याच्यापुढे रजेचे अर्ज, पंख्याच्या तक्रारी, मिठाईच्या चौकशा, आणि सगळं मेलं तातडीचं!

गोदामाचा फोन कालपासून बंद होता. चालू होती ती फक्त कॉम्प्युटरची लाइन. रांग मोडायचा पासवर्ड साहेबांकडे, आणि साहेब मुंबईला मीटिंगमध्ये. रिक्षाने धावलं तरी गाडी गाठता आली नसती. ते पाणी कुणाच्या तरी शिरेत चाललंय, हे तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग तिची नजर रिकाम्या रांगेवर गेली. तिने निरोप पुन्हा टाइप केला आणि 'साधा' निवडला. बटण दाबताना मात्र तिला धडकी भरली. गोदामात छापून निघालेला साधा कागद वाचणार कोण? तिथला देवराम तो न बघताच टोपलीत टाकेल, असं तिला वाटलं. पण दुसरा इलाज नव्हता. साध्या निरोपाची पाळी केव्हाचीच आली होती, त्यामुळे तो लगेच गेला.

तीन वाजून गेले. उत्तर येईना. लुसीने मशीनला, साहेबांना आणि अख्ख्या कंपनीला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि मध्येच येशूचा धावा केला.

शेवटी फोन खणखणला. "लुसीबाई, देवराम बोलतोय, नाक्यावरच्या पीसीओतून. गाडी थांबवली. गेटातून निघालेलीच."

लुसीला रडू फुटलं. "देवरामदादा, तुम्ही वाचलात तो कागद?"

"वाचनार नाय तर काय? तातडीचे आमी सांजच्याला एकदम बघतो, सावकाश. पन साधा कागद किती दिवसांनी आला! म्हटलं, कायतरी भलतंच झालंय."