काळी चारचा अडकलेला सूर

काळी चार. ओल्या सागवानाचा वास. अमेरिकेतले एक आजोबा, मी कधीही न पाहिलेले. नॉटिंगहॅममधल्या शाळेचा हॉल. वन्स मोअर.

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. जन्म पुण्याचा, आतले पितळी सूर जर्मनीचे. मुरलीधर माझा वादक. नाटक कंपनीत त्याने मला तीस वर्षे वाजवली. पद रंगले की प्रेक्षक "वन्स मोअर!" ओरडत. मग नाटक तिथेच थांबे आणि आम्ही तेच पद पुन्हा सुरू करत असू. २००१ साली तो नॉटिंगहॅमला मुलाकडे, पुष्करकडे, राहायला आला. मला गोधडीत गुंडाळून आणले.

तीन वर्षांनी नात अक्षयाला शाळेतल्या अमेरिकन संगीत नाटकात एक गाणे मिळाले. गाण्यांच्या पुस्तकाच्या शेवटी ती गाणी लिहिणाऱ्याच्या कुटुंबाची माहिती होती. मुरलीधरने ती भिंग धरून वाचली.

"आजोबांनी थिएटरं बांधली, काकांनी नाटकं काढली, नातवानं पदं लिहिली! अगं, हे तर घराणं आहे. तिकडचं संगीत नाटक यांनी घडवलं!"

तीस वर्षांत माझ्याबद्दल तो असे एकदाही बोलला नव्हता. वर ते पुस्तक त्याने माझ्याच झाकणावर ठेवले. थिएटरे बांधणाऱ्यांपुढे मी कोण? एक खोका. मी जळले.

रोज संध्याकाळी तो तेच गाणे माझ्यावर वाजवू लागला. आठव्या दिवशी पहिल्याच सुराची पट्टी, काळी चार, खाली गेली ती वर आलीच नाही. गाणे पुढे गेले, सूर मागे भोंगत राहिला.

"आजोबा, तुमचा पेटी रडतो," अक्षया कान झाकून म्हणाली.

"रडते. पेटी रडते. इथली ओल बाधली तिला."

आठवडाभर तेच झाले. शेवटी सून नीना म्हणाली, "बाबा, राहू दे आता. शाळेत पियानो आहे." मला लॉफ्टमध्ये सुटकेसांमागे ठेवले. मला वाटले होते, ते गाणे बंद पडेल. बंद पडले मीच.

प्रयोगाच्या दिवशी खाली दार उघडले आणि आवाज वर आले.

"बाबा, इथे वन्स मोअर ओरडत नाहीत हो! सगळा हॉल वळून बघत होता. मी सीटखाली जायची बाकी होते," नीना म्हणाली.

"इतकं गोड गायली पोर, गप्प बसू?"

"आणि तू खरंच परत सुरू केलंस?" पुष्कर हसत होता. "मिसनी तर पियानोवरून हात काढले होते."

"आजोबांनी मागितलं ना! पियानो नव्हता, मग पेटीचा तो अडकलेला सूर आठवला. डोक्यातून जातच नाही तो. तिथूनच सुरू केलं."

मुरलीधर म्हणाला, "पुष्कर, शिडी आण."

आता मी पुन्हा बैठकीच्या खोलीत आहे. झाकणावर ते पुस्तकही आहे. मला ते अजून आवडत नाही. तरी मित्रांनो, घरातल्या जुन्या वाद्याला ओल लागू देऊ नका, आणि नवे गाणे आले तर आधी त्याच्यावर वाजवून पाहा. ते कुरकुरेल. कुरकुरू द्या.

ती पट्टी ओलीने अडकली नव्हती. मी धरून ठेवली होती.