रणगाड्याविना आलेली पाच माणसं

मृणाली पूर्णा गावातल्या एका गोदामात कामाला होती. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल उघडून तपासायचा, हे तिचं काम. एका संध्याकाळी ती चेपलेला, मोडीत काढलेला एक खोका घेऊन घरी आली आणि ओटीवर बसलेल्या बापापुढे तो उघडला.

झाकणावर दुसऱ्या महायुद्धातल्या रशियाच्या रणगाडेवाल्यांचं चित्र होतं. आत बोटाएवढी पाच माणसं, तीही जोडून रंगवायची, सुट्या भागांत. हात, पाय, डोकी, सगळं करड्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लटकलेलं.

"रणगाडा कुठं हाय?" केसरीनाथने विचारलं.

"तो येगला मिलतो."

"म्हंजे पायीच आलेत बिचारे."

मृणाली हसली, पण तिचं लक्ष बापाच्या हातांकडे होतं. धामणकर नाक्याजवळच्या गणपतीच्या कारखान्यात केसरीनाथने उभा जन्म डोळ्यांची आखणी केली. रंग कुणीही भरो, शेवटी मूर्ती त्याच्यापुढे यायची. गेल्या वर्षी आखताना हात थरथरला. पापणीची रेघ कानशिलापर्यंत गेली, तीही गिऱ्हाइकासमोर. मालकाने मुकाट्याने ती पुसून डोळा स्वतः आखला. कुणी चकार शब्द काढला नाही, आणि तेच त्याला लागलं. तेव्हापासून त्याने आखणीच्या कुंचल्याला हात लावला नव्हता. विचारणाऱ्याला तो सांगायचा, चष्मा बदलायचाय. चष्मा बदलूनही झाला होता. हा माणूस असाच ओटीवर बसून सुकून जाईल, याची मृणालीला धास्ती होती.

तिने माणसं जोडायला घेतली. गळ्यात बाजाची पेटी असलेल्या एकाला दुसऱ्याचाच हात चिकटवला.

"अगं, त्याला पेटी वाजवायचीय आन् तू त्याला सलामाचा हात दिलास!" केसरीनाथ पुढे सरकला. मग जोडकाम त्याच्याच मांडीवर गेलं. दोन दिवसांनी त्याने जाड कुंचल्याने कपडेही रंगवले, गाल जरा जास्तच लाल केले. "थंडीतली मानसं हायेत," म्हणाला.

चेहऱ्यांपाशी मात्र तो थांबला.

"डोले तू काढ."

"मी?"

"मग काय शेजारीन येनार हाय?"

मृणालीने काढले. एक डोळा नाकात गेला. केसरीनाथ खो खो हसला, फडक्याने तो पुसून टाकला, आणि नकळत आखणीचा बारीक कुंचला त्याच्या हातात आला. त्याने तो लगेच खाली ठेवला नाही. बराच वेळ त्या माणसाकडे पाहत राहिला.

"दमलेला दिसतो," तो हळूच म्हणाला. "निजू दे त्याला."

आणि मिटलेल्या पापणीची एक बारीक रेघ ओढली. मिटलेला डोळा सोपा, रेघ जरा हलली तरी खपते. दुसऱ्यालाही निजवलं. तिसऱ्यालाही. पेटीवाल्याच्या पापण्या मिटल्या तेव्हा मृणालीला राहवलं नाही.

"बाबा, तो वाजवतोय!"

"वाजवता वाजवता डोला लागला. भजनात न्हाय लागत?"

आता पाचवा. तो उभा होता, हातात दुर्बीण. केसरीनाथने कुंचला रंगात बुडवला. मृणालीने त्याचं मनगट धरलं.

"यालाबी निजवलास तर पहारा कोन करंल? चार मानसं याच्या भरवशावर निजलीत."

"माजा हात..."

"मला ठावं हाय."

ती गोष्ट घरात पहिल्यांदाच कुणी बोललं होतं. केसरीनाथने मान खाली घातली. मृणालीने मनगट सोडलं नाही, घट्टही धरलं नाही.

"बिघडला तर?" त्याने विचारलं.

"बिघडला तर तिरका बघंल. गनपती थोडाच हाय, रागवायला?"

त्याने श्वास रोखला. एक डोळा आला. दुसऱ्याच्या वेळी हात थरथरलाच, आणि बुबुळ कोपऱ्यात सरकलं. मृणालीचा हात आपसूक फडक्याकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," केसरीनाथ म्हणाला.

त्याने तो माणूस तळहातावर उभा करून उजेडात धरला. पहारेकरी तिरक्या नजरेने रस्त्याकडे पाहत होता, जणू झाडीत काहीतरी हललं होतं.

"बरोबर हाय. पहाऱ्यावरचा मानूस नाकासमोर बघत न्हाय." मग तो चष्मा पुसत म्हणाला, "तुज्या गोदामात असले आनखी येतात का? आले तर जागे असलेले आन."