इंजिनाला टेकलेला गाल

"अजून नाही," म्हणत एल्मरनं इंजिनावरच्या गोधडीत पुन्हा डोकं खुपसलं.

उत्तरेकडच्या गोठलेल्या युकॉन नदीच्या बर्फावर वैमानिक लोरेटाचं टपालाचं विमान पाऊण तास गोधडी पांघरून उभं होतं. शेगडीची गरम हवा पत्र्याच्या नळीतून इंजिनाला शेकत होती. पारा उणे पस्तिसावर होता.

"एल्मरकाका, वरून हात लावला मी. चांगलं तापलंय की."

"वरचं लगेच तापतं गं. तळाला तेल डिंकासारखं बसलंय. आत्ता चालू केलंस तर दोन फेरे मारून बंद पडेल, प्लगांवर बर्फ धरेल. मग बस ते काढून चुलीवर शेकत."

 गेल्याच आठवड्यात लोरेटानं नेमकं हेच करून ठेवलं होतं.

महिन्यापूर्वी तिला इथं धाडताना विमान कंपनीच्या मालकानं बजावलं होतं, "म्हातारा सत्तरीला आलाय. झेपत नसेल तर कळव, विजेचा हीटर बसवून त्याला मोकळा करू." त्यामुळे तिचं एल्मरवर लक्ष असायचंच. पण एक गोष्ट तिला काही केल्या उलगडेना. बाकीचे तळाला तळहात लावून बघतात, हा मात्र गाल टेकवून डोळे मिटतो. दुकानवाल्या मेबलला विचारलं तर ती हसली होती, आणि लोरेटाही. "कानगोष्टी करतो. बायकोशीसुद्धा एवढा बोलत नाही मेला."

आज मात्र राहवेना म्हणून लोरेटा त्याच्यामागून गोधडीत वाकली, आणि तिला करपल्याचा वास आला. एल्मरचा उघडा हात तापलेल्या नळीवर टेकला होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

तिनं तो हात खसकन ओढला. आपला भाजलेला तळवा तो परक्याचा असावा तसा बघत राहिला.

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले. जंगलात लावलेले सापळे बघायला गेलो, हातमोजे भिजले. दोन्ही हात गारठून कायमचे बधिर झाले. गालाला तेवढं कळतं." मग म्हणाला, "आता कळवशील मालकाला."

 महिनाभर आपण याच गोष्टीला हसलो, लोरेटाच्या मनात आलं. तिनं मफलर सोडून त्याच्या हाताला गुंडाळला, टोपी काढली आणि गोधडीत शिरून इंजिनाच्या तळाला गाल लावला.

"इथं?"

"थोडं मागं." गुंडाळलेल्या हातानं त्यानं तिचं डोकं अलगद सरकवलं. "तेल इथं सगळ्यात शेवटी तापतं."

तिनं डोळे मिटले. गालाला कोमट लागत होतं, पण त्याच्यामागं खोलवर गारठा होता.

"मालकाला काय सांगशील?" एल्मरनं विचारलं.

"अजून नाही," ती डोळे न उघडता म्हणाली. "अजून दहा मिनिटं लागतील."

एल्मरनं शेगडीची ज्योत वाढवली आणि तो तिच्या शेजारी वाट बघत उभा राहिला.