'वाघदरी'त भरलेली खोटी जत्रा

तान्ह्या पोळ्याला ऊर्जानगरच्या मैदानावर पोरांपेक्षा मोठ्यांचीच गर्दी जास्त. सजवलेले लाकडी नंदी घेऊन आलेली पोरं राहिली बाजूला, आणि आईबाप मंडपातल्या भल्याथोरल्या पडद्यासमोर हात जोडून उभे. पडद्यावर 'वाघदरी' नावाचा ऑनलाइन गेम चालू होता. कोपऱ्यात आकडा लखलखत होता : खेळाडू एकवीस हजार!

"मेला होता का नाई हा गेम?" भगवं उपरणं आणि कानावर हेडफोन अशा थाटात लच्छूगुरू माईकवर गरजला. "कुत्रं खेळत नव्हतं! म्या मुक्तद्वार मंत्र म्हटला, गेम फुकट केला, अन् मुडदा उठून बसला! नावं पाहा, तुमचेच लेकरं खेळून राह्यले. आता भागीदार व्हा. फुकटातूनच लक्ष्मी येते!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात धनराजच्या.

मंजुषानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. तिचा हा नवरा उद्या वीज केंद्रातली कायमची नोकरी सोडून फंडाचा सगळा पैसा लच्छूच्या हवाली करणार होता. मागे ती शंका विचारायला गेली, तेव्हा लच्छू चारचौघांत म्हणाला होता, "बाई, कॉलेज शिकून अक्कल येत नाई. पोळ्या लाटा." धनराजही हसला होता. तो काटा अजून रुतून होता.

ती पडद्यावरची नावं वाचू लागली आणि थबकली. 'मयुरी, ऊर्जानगर' दणादण वाघ पळवत होती. खरी मयुरी, मंजुषाची लेक, तर तिच्या शेजारी उभी राहून नंदीच्या शिंगांना बेगड चिकटवत होती! फोन मंजुषाच्या पर्समध्ये, तोही बंद. गेमच्या नावनोंदणीला धनराजनंच लेकीचं नाव दिलं होतं. साऱ्या बापांनी आपापल्या पोरांची दिली होती.

मंजुषानं सरळ माईक हिसकावला. "मुखरू! पडद्यावर खेळून राह्यला तू. कुठी आहेस रे?"

"इथीच आहो, काकू!" नंदी उंचावत मुखरू ओरडला.

"अन् नाजिया?"

"मी बी इथीच! नंदी पाहून राह्यली!"

"सारी पोरं मैदानात. मग आकडा कमी काऊन नाई झाला, गुरुजी?"

लच्छूनं मंचामागच्या डब्याकडे चोरून पाहिलं. "ते... सूक्ष्म रूपानं खेळून राह्यले."

"मयुरीचे बाबा, मंचामागं तो डबा घुंघुं करून राह्यला ना, त्याची वायर ओढा."

"देवाच्या वायरीले हात लावू नका! शॉक बसन!"

धनराजनं पडद्यावरची मयुरी पाहिली, मग समोरची. "मले शॉक शिकवतं काय बे!" म्हणत त्यानं पिन उपटली.

एकवीस हजार धाडकन कोसळले. उरला एक. तो लच्छूच्या हातातला फोन होता. डबा म्हणजे साधा संगणक. त्यातला प्रोग्राम पोरांच्या नावांनी, आणि नावं संपल्यावर मनाची नावं रचून, बाहुल्या नाचवत होता.

तेवढ्यानं मंजुषाचं भागणार नव्हतं. कोणीतरी पोलिसांना फोन लावला. ते येईपर्यंत तिनं लच्छूला एकेका लेकरासमोर उभं केलं. "म्हण, तुह्या नावानं मी खोटं खेळलो."

तो पुटपुटला.

"माईकवर! मोठ्यानं!"

पोरगं न् पोरगं झालं, तेव्हाच तिनं माईक परत घेतला.

"फुकट म्हणजे नुसतं उघडं दार. लोकं डोकावतात. आत खेळ चांगला असला तर थांबतात, नसला तर जातात. कधी बुडता गेम तरते, कधी नाई. ते करणाऱ्याच्या मेहनतीवर असते, मंत्रावर नाई. कोणी आकडा दाखवला का हात जोडू नका. विचारा, हे लोकं आहेत कोण? त्याईले समोर बोलवा. अन् ज्यानं लेकरांच्या नावानं फसवलं, त्याले सोडू नका."