पाटीवर लिहिलेले आणि वाचलेले

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. काळ्या दगडाची, लाकडी चौकटीची. माझा एक कोपरा उडालेला आहे. मला सोलापूरच्या बाजारातून आणले ते रंभाबाई आणि हिंदुराव या भावंडांसाठी. रंभाबाई थोरली. तिचे अक्षर इतके वळणदार, की गुरुजी मला उचलून साऱ्या वर्गाला दाखवत. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटे. पुढे दोघांची शाळा सुटली आणि मी कितीतरी वर्षे दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून पडून राहिले.

१९७६ साली मला पुन्हा लिहायला काढले. हिंदुराव तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करत होता. एके दिवशी शेजारच्या मागाचा धोटा, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा जड लाकडी तुकडा, निसटला आणि थेट त्याच्या तोंडावर बसला. वरचे चार दात गेले, दात धरणारे हाडही गेले. काही महिन्यांनी डॉक्टरांनी त्याच्या कमरेचे थोडे हाड काढून हिरडीत बसवले आणि वरून टाके घातले.

"तीन आठवडे बोलायचं नाही, चावायचं नाही," डॉक्टरांनी बजावले. "पण पोटात अन्न गेलंच पाहिजे. अंगात ताकद नसेल तर हाड धरणार नाही."

म्हणून मी त्याच्या उशाशी आले. त्याला लागेल ते तो माझ्यावर लिहायचा. पण त्याची बायको सोजरबाई हिला अक्षरओळख नव्हती. शिवाय मागाच्या खडखडाटाने हिंदुरावला ऐकूही कमीच येई. मग त्याचे लिहिलेले स्वयंपाकघरात नेऊन वाचायचे आणि सोजरबाईचे उत्तर त्याच्या कानाशी ओरडून सांगायचे, हे काम रंभाबाईकडे आले. ती विधवा होती, भावाकडेच राहायची. सोजरबाई लग्न होऊन येईपर्यंत त्या घरातली चूल तिच्या हातात होती.

पहिल्याच दिवशी हिंदुरावने लिहिले, 'पेज चांगली झाली. थोडी पातळ कर.'

रंभाबाई मला घेऊन चुलीपाशी गेली आणि वाचू लागली, "पेजेला चव न्हाय. तुज्या हातालाच गुण न्हाय."

मित्रांनो, माझ्या अंगावर ते शब्द नव्हते हो! मला तोंड असते तर मी ओरडले असते.

सोजरबाईने खाली मान घातली. "वन्सं, लई दुखतंय का म्हणून इचारा की त्यास्नी."

रंभाबाई भावाच्या कानाशी वाकली. "ती म्हणती, अजून किती दिस हे काढायचं?"

असे रोज चालले. तो मऊ लिहायचा, ती कडू वाचायची. सोजरबाई विचारायची एक, त्याच्या कानात पडायचे भलतेच. वाचून झाले की रंभाबाई ओल्या फडक्याने मला लगेच पुसून टाकायची. आठवड्याभरात सोजरबाई बाहेरच्या खोलीत पाऊल टाकीनाशी झाली. पेजेची वाटी उंबऱ्यावर आदळून ठेवायची आणि पाठ फिरवायची. तिचा तो आवेश पाहून हिंदुरावही पेटला. त्याने वाटी भिंतीकडे ढकलली. तीन दिवस त्याने पाण्याखेरीज काही घेतले नाही. त्याचे गाल बसले, डोळे खोल गेले. रंभाबाईने आपल्या हातची पेज पुढे केली, तीही त्याने घेतली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने माझ्यावर लिहिले, 'सोजर माझ्याशी बोलत का नाही? माझं काय चुकलं? तिच्या हातची पेज पाहिजे.'

रंभाबाई आत गेली आणि वाचू लागली, "तुजं तोंड बघायचं न्हाय. मोडनिंबला बापाकडं जा."

सोजरबाई चुलीपुढून उठली. तिने लुगडी गाठोड्यात बांधली आणि रंभाबाईपुढे हात केला. "द्या ती पाटी."

"कशाला?"

"आप्पास्नी दावते. लेकीला का हाकललं, ते त्येंच्या डोळ्यानं वाचू द्यात."

रंभाबाईचा चेहरा पांढरा पडला. "दे हिकडं! पुसायची हाय!" म्हणत ती फडके घेऊन धावली. दोघींनी मला दोन बाजूंनी ओढले. तेव्हाच माझा कोपरा उडाला. सोजरबाईने मला हिसकावून छातीशी धरले. पुसायची एवढी घाई कशाला, असा संशय येऊन ती आधी शेजारच्या इमामबीकडे गेली. इमामबी शिवणकाम करायची. तिची मराठी सातवी झाली होती.

इमामबीने वाचले, पुन्हा वाचले. "ह्यात जा म्हनून कुटं हाय गं? ह्यो तर तुज्या हातची पेज मागतोय."

सोजरबाई तिला घेऊनच घरी परतली. इमामबीने हिंदुरावच्या कानाशी सारे ओरडून सांगितले. तो उठून बसला. मग त्याने मला मांडीवर घेतले आणि बहिणीने म्हणायचे शब्द तिच्याच नावाने लिहिले. पेन्सिल दोनदा मोडली. इमामबीने वाचायला हात पुढे केला, पण त्याने मान हलवली आणि मला रंभाबाईच्या हातात दिले.

रंभाबाईने मला पालथे धरले.

"वाचा की वन्सं," सोजरबाई म्हणाली. "आजवर तर फडाफडा वाचत हुता."

रंभाबाई वाचू लागली. "मी रंभा... मी खोटं वाचत हुते. हिंदुरावनं तुला कदी वंगाळ लिवलं न्हाय. त्यो..." ती थांबली.

"फुडं."

"त्यो उपाशी मेला असता, तर माज्यामुळं मेला असता."

त्या घरात माझ्यावरचे शब्द तिने जसेच्या तसे वाचले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सोजरबाईने गाठोडे सोडले, पेज गरम केली आणि चमच्याने त्याला भरवली. हाड धरले. पुढे डॉक्टरांनी दातही बसवले. पण सोजरबाईने त्यानंतर नणंदेला चुलीजवळ येऊ दिले नाही, आणि रंभाबाईनेही कधी 'चुकले' म्हटले नाही. दोघी एका छपराखाली परक्यासारख्या राहिल्या.

मित्रांनो, मला सांभाळा असे मी म्हणणार नाही. दगडच मी, आज ना उद्या फुटेन. पण ज्याला बोलता येत नाही तो आपले म्हणणे तुमच्या हातात देईल, ज्याला वाचता येत नाही तो तुमच्या तोंडाकडे बघेल. त्या वेळी तुमचा राग, तुमचे दुखणे बाजूला ठेवा. तिथे लिहिले असेल तेच वाचा.